वार्धक्यातील मेंदूचे आजार आणि हरवलेली झोप

वरठीच्या रात्रीला पूर्ण शांतता ठाऊक नाही. गावालगत मुंबई-हावडा लोहमार्ग आहे, भंडारा रोड हे रेल्वे स्थानक याच गावी आहे, आणि रात्रभर मालगाड्या व मेलगाड्या धडधडत जात असतात. पलीकडे पोलाद कारखान्याच्या पाळ्या बदलतात. सायकलींवरून, मोटारसायकलींवरून रात्रपाळीची माणसे येतात-जातात. तरीही रात्री दिवे मालवल्यानंतर आमच्या वसतिगृहातील मुले अर्ध्या घटकेत गाढ झोपी जातात. बॅटरी घेऊन फेरी मारणाऱ्या अधीक्षकांना ओळीने अंथरलेल्या सतरंज्यांवर केवळ संथ श्वास ऐकू येतो. लहान वयातील ही झोप निसर्गाची फार मोठी देणगी आहे, आणि ती असते तोवर तिचे मोल कोणाच्या ध्यानात येत नाही.

काही वर्षांपूर्वी दिवाळीच्या सुटीनंतर सातवीतील एक मुलगा परतला. तो वर्गात डुलक्या घेऊ लागला. विचारपूस केली तेव्हा तो संकोचाने म्हणाला, "सर, घरी आबाजी रात्री झोपू देत नाहीत. ओरडतात, हातपाय झाडतात. आजीच्या तोंडावर लागलं." पुढे पालकसभेला त्याचे वडील आले तेव्हा सर्व हकीकत कळली. आबाजींनी सारी उमर धानाच्या बांध्यांवर जागली केली होती. झोपेत त्यांना रानडुकरांचा कळप धानात शिरताना दिसे आणि ते त्याला हाकलण्यासाठी काठी फिरवल्यासारखे हात फिरवीत. जागे केले की भानावर येत, आणि आपल्या हातून काय झाले हे कळून ओशाळे होत. घरच्यांना वाटले, कोणीतरी काहीतरी केले आहे. लिंबू उतरले, ताईत बांधले, दोन हंगाम आणि बरेच पैसे त्यात गेले. आजी दुसऱ्या खोलीत निजू लागली, शेजारी कुजबुजू लागले. पुढे आबाजींचा उजवा हात थरथरू लागला, चाल मंदावली, तेव्हा कोठे त्यांना नागपूरला मेंदूविकारतज्ज्ञांकडे नेण्यात आले. निदान झाले कंपवाताचे. डॉक्टरांनी झोपेतील ओरडण्याबद्दल मुद्दाम विचारले आणि सांगितले की, ते ओरडणे हेच या आजाराचे पहिले लक्षण होते, हात थरथरण्याच्याही पुष्कळ आधीचे.

मुलाच्या वडिलांनी आम्हाला एकच प्रश्न केला, "हे आम्हाला अगोदर कोणी का सांगितलं नाही?" या प्रश्नाचे उत्तर देण्याची जबाबदारी शाळेचीही आहे, असे आम्हाला वाटले. स्मरणिकेच्या निमित्ताने हा अंक आमच्या माजी विद्यार्थ्यांच्या आणि पालकांच्या घरोघरी जाईल. त्यांपैकी अनेक घरांत वृद्ध माणसे आहेत. म्हणून हा विषय आम्ही निवडला. आम्ही डॉक्टर नाही. वाचून, तज्ज्ञांना विचारून आणि आपल्या परिसरातील कुटुंबांत पाहून जे समजले, ते येथे क्रमाने मांडत आहोत.

निद्रा म्हणजे काय?

झोप म्हणजे मेंदू बंद पडणे, असा सर्वसाधारण समज आहे. तो बरोबर नाही. झोपेत मेंदू वेगळ्या रीतीने काम करीत असतो. १९५३ साली शिकागो विद्यापीठातील युजीन असेरिन्स्की आणि नॅथॅनिएल क्लाइटमन यांनी दाखवून दिले की, झोपेत काही काळ मिटलेल्या पापण्यांआड बुबुळे भराभर हलत असतात. या अवस्थेत माणसाला सर्वाधिक ठसठशीत स्वप्ने पडतात. सोयीसाठी आपण तिला स्वप्ननिद्रा म्हणू. उरलेल्या झोपेत आधी हलकी आणि मग गाढ निद्रा येते. हलकी, गाढ, पुन्हा हलकी आणि नंतर स्वप्ननिद्रा असे एक आवर्तन साधारण ९० मिनिटांचे असते, आणि एका रात्रीत अशी चार ते सहा आवर्तने होतात. प्रौढ माणसाच्या झोपेचा साधारण पाचवा ते चौथा हिस्सा स्वप्ननिद्रेचा असतो. गाढ निद्रा रात्रीच्या पूर्वार्धात अधिक असते, स्वप्ननिद्रा उत्तररात्री आणि पहाटे.

स्वप्ननिद्रेत निसर्गाने एक मोठी खबरदारी घेतली आहे. स्वप्नात आपण धावतो, भांडतो, विहिरीत उडी मारतो, परंतु अंथरुणावरचे शरीर हलत नाही. मेंदूच्या बुंध्याशी, म्हणजे मेंदू आणि मज्जारज्जू जोडणाऱ्या मस्तिष्कस्तंभात, काही चेतापेशींचे समूह आहेत. स्वप्ननिद्रा सुरू होताच ते हातापायांच्या स्नायूंकडे जाणारे आदेश अडवून धरतात. श्वासाचा पडदा आणि डोळ्यांचे स्नायू तेवढे मोकळे राहतात. फ्रान्समधील मिशेल जुव्हे यांनी १९६० च्या दशकात मांजरांच्या मस्तिष्कस्तंभातील हा भाग निकामी केला, तेव्हा ती मांजरे झोपेतच उठून अदृश्य भक्ष्यावर झडप घालू लागली. आबाजींच्या अंथरुणात काय घडत होते, याचा खुलासा येथे मिळतो.

झोप केव्हा यावी, हे ठरवणारी यंत्रणा वेगळी आहे. मेंदूच्या तळाशी, डोळ्यांकडून येणाऱ्या चेतातंतूंच्या वर, चेतापेशींचे दोन अतिशय छोटे पुंजके आहेत. ते शरीराचे घड्याळ होय. सकाळच्या उजेडाने हे घड्याळ रोज लावले जाते. अंधार पडला की त्याच्या सांगण्यावरून मेंदूतील एक ग्रंथी मेलॅटोनिन नावाचे द्रव्य सोडते आणि शरीराला रात्र झाल्याची वर्दी मिळते. जवळच ओरेक्झिन हे द्रव्य निर्माण करणाऱ्या पेशी आहेत. दिवसा जागृती टिकवून धरण्याचे काम त्या करतात. हे द्रव्य १९९८ साली शोधले गेले. तात्पर्य, झोपणे आणि जागे राहणे या दोन्ही क्रिया मेंदूतील निश्चित ठिकाणच्या निश्चित पेशींवर अवलंबून आहेत. ज्या आजारात मेंदूच्या पेशी हळूहळू नष्ट होत जातात, त्यात झोप बिघडणे म्हणूनच अपरिहार्य ठरते. ही रुग्णाची खोड नव्हे, हट्ट नव्हे, आणि बाहेरची बाधा तर नव्हेच नव्हे.

कंपवात आणि रात्र

लंडनचे वैद्य जेम्स पार्किन्सन यांनी १८१७ साली कंपवातावर आपला निबंध प्रसिद्ध केला. त्यात त्यांनी अवघ्या सहा रुग्णांचे वर्णन केले होते. मात्र आजार वाढल्यावर झोप फार बिघडते आणि अंगाचा कंप रुग्णाला दचकवून जागे करतो, ही गोष्ट त्यांच्या नजरेतून सुटली नव्हती. आपल्याकडे आयुर्वेदातही कंपवात ही संज्ञा जुनी आहे. या आजारात मेंदूच्या मध्यभागातील डोपामिन तयार करणाऱ्या पेशी नष्ट होतात. डोपामिन कमी पडले की हालचाली मंदावतात, अंग ताठरते, हात थरथरतो.

कंपवाताच्या रुग्णाची झोप अनेक कारणांनी मोडते. पहिले कारण अगदी साधे आहे. निरोगी माणूस रात्रीतून कित्येकदा कूस बदलतो आणि त्याला त्याची जाणीवही नसते. ताठरलेल्या अंगाच्या रुग्णाला कूस बदलण्यासाठी पूर्ण जागे व्हावे लागते, आणि तरीही ती बदलता येईलच असे नाही. दिवसा घेतलेल्या औषधाचा प्रभाव पहाटेपर्यंत ओसरतो, तेव्हा पायात गोळे येतात. दुसरे कारण म्हणजे रात्री वारंवार लघवीला उठावे लागणे. तिसरे म्हणजे पायांची तळमळ. अंथरुणावर पडले की पोटऱ्यांत काहीतरी वळवळते आहे असे वाटते आणि पाय हलवल्यावाचून चैन पडत नाही. शरीरात लोह कमी असल्यास ही तळमळ बळावते. रक्तक्षय आपल्या भागात दुर्मीळ नाही, म्हणून अशा रुग्णाच्या रक्तातील लोहाची तपासणी करून घेणे शहाणपणाचे असते.

चौथे कारण स्वप्ननिद्रेतील वर्तनविकार, म्हणजेच आबाजींची रानडुकरे. अमेरिकेतील मिनीआपोलिस येथील कार्लोस शेंक आणि मार्क महोवाल्ड यांनी १९८६ साली माणसातील या विकाराचे पहिले सविस्तर वर्णन केले. स्नायूंना अडवून धरणारी यंत्रणा ढिली पडते आणि माणूस आपले स्वप्न प्रत्यक्ष जगू लागतो. बहुधा स्वप्न पाठलागाचे किंवा हल्ल्याचे असते. मनाने शांत असलेला माणूसही झोपेत शिव्या देतो, ठोसे मारतो, अंथरुणातून खाली पडतो. हे प्रकार पहाटेच्या सुमारास अधिक होतात, कारण स्वप्ननिद्रा तेव्हा अधिक असते.

या विकाराचे महत्त्व पुढील आकड्यांवरून कळेल. अनेक देशांतील २४ केंद्रांनी मिळून असा विकार असलेल्या १,२८० जणांचा पाठपुरावा केला आणि २०१९ साली निष्कर्ष प्रसिद्ध केले. आरंभी या लोकांना दुसरा कोणताही मेंदूविकार नव्हता. परंतु दरवर्षी शंभरातील सुमारे सहा जणांना कंपवात किंवा त्याच्या जातीचा स्मृतिभ्रंश झाल्याचे आढळले, आणि १२ वर्षांच्या अखेरीस हे प्रमाण ७३ टक्क्यांहून अधिक असल्याचा अंदाज निघाला. वाचकांनी घाबरून जाऊ नये. झोपेत बडबडणारा प्रत्येक जण या गटात मोडत नाही. लहान मुले झोपेत चालतात किंवा बरळतात, तो प्रकार निराळा असून वयाबरोबर नाहीसा होतो. काही मानसिक औषधांमुळे किंवा झोपेत श्वास अडकण्यामुळेही असे वर्तन दिसू शकते. परंतु पन्नाशीनंतर कोणी नव्याने झोपेत हातपाय झाडू लागले, तर मांत्रिकाकडे न जाता मेंदूविकारतज्ज्ञांकडे जावे, इतके मात्र निश्चित. आजार थांबवणारे औषध आज उपलब्ध नसले, तरी आजीला होणारी इजा टाळता येते, निदान वेळेवर होते आणि कुटुंबातील संशय दूर होतो.

स्मृतिभ्रंशात उलटलेले दिवस-रात्र

जर्मन वैद्य आलोइस अल्झायमर यांनी १९०६ साली ट्यूबिंगेन येथील सभेत ज्या स्त्रीची हकीकत सांगितली, ती स्मृती गमावलेली होती, संशयाने ग्रासलेली होती, रुग्णालयात आपले अंथरूण-पांघरूण ओढत फिरत असे आणि तासन्‌तास ओरडत असे. आज ज्यांच्या घरी असा रुग्ण आहे, त्यांना हे वर्णन ओळखीचे वाटेल.

अल्झायमरच्या आजारात शरीराच्या घड्याळातील पेशीही झिजतात. घड्याळ मंद पडले की रात्र व दिवस यांतील सीमारेषा पुसली जाते. रुग्ण दिवसा पेंगतो आणि मध्यरात्री अंघोळीला पाणी मागतो. अनेक रुग्णांची बेचैनी दिवे लागण्याच्या वेळी वाढते. "मला घरी जायचं आहे," असे ते स्वतःच्याच घरात बसून म्हणतात. दारापर्यंत जातात, कडी काढू पाहतात. ही सांजवेळची बेचैनी होय. अंधुक उजेड, लांब सावल्या, दिवसभराचा थकवा आणि बिघडलेले घड्याळ यांचा तो एकत्रित परिणाम असतो. भूक, मलावरोध, लघवीतील जंतुसंसर्ग किंवा कोठेतरी होणारी वेदना यांमुळेही ती भडकते, कारण रुग्णाला आपले दुखणे शब्दांत सांगता येत नाही. बेचैनी एकाएकी एक-दोन दिवसांत वाढली, तर आधी ही कारणे तपासावीत.

सुमित्रा भावे आणि सुनील सुकथनकर यांच्या 'अस्तु' या मराठी चित्रपटात मोहन आगाशे यांनी स्मृती गमावत चाललेल्या संस्कृत पंडिताची भूमिका केली आहे. विद्वत्ता, मान, कुटुंब सारे असूनही हा आजार माणसाला कोठे नेऊन सोडतो आणि सांभाळणाऱ्या मुलीची कशी ओढाताण होते, हे त्या चित्रपटात दिसते. ज्यांना शक्य असेल त्यांनी तो कुटुंबासह पाहावा.

झोप कमी झाल्याने स्मृतिभ्रंश होतो की स्मृतिभ्रंशामुळे झोप कमी होते, असा प्रश्न साहजिक आहे. आजवरच्या संशोधनावरून दोन्ही बाजूंनी काही तथ्य दिसते. २०१३ साली उंदरांवरील एका प्रयोगात आढळले की, झोपेत मेंदूच्या पेशींमधील जागा सुमारे ६० टक्क्यांनी वाढते आणि द्रवाच्या प्रवाहाबरोबर टाकाऊ प्रथिने वाहून जातात. अल्झायमरच्या आजारात साचणारे प्रथिन त्यांपैकीच एक आहे. या प्रयोगाच्या अर्थाविषयी शास्त्रज्ञांत अद्याप वाद आहे. ब्रिटनमधील सुमारे ८,००० व्यक्तींच्या २५ वर्षांच्या पाहणीत, जी २०२१ साली प्रसिद्ध झाली, पन्नाशी-साठीत सहा तास किंवा त्याहून कमी झोपणाऱ्यांना पुढे स्मृतिभ्रंश होण्याचे प्रमाण सात तास झोपणाऱ्यांपेक्षा सुमारे ३० टक्क्यांनी अधिक आढळले. यावरून रात्रपाळी करणाऱ्या कामगार बांधवांनी भयभीत होण्याचे कारण नाही, कारण अशी पाहणी संबंध दाखवते, कारण सिद्ध करीत नाही. परंतु पाळीवरून आल्यानंतरची झोप ही चैन नसून गरज आहे, आणि घराने ती जपली पाहिजे, इतका बोध घेण्यास हरकत नाही.

याच जातीचे आणखी काही आजार आहेत. लेवी पिंडांच्या स्मृतिभ्रंशात झोपेतील हातपाय झाडणे, दिवसा नसलेली माणसे दिसणे आणि कंपवाताची चाल ही तिन्ही लक्षणे एकत्र येतात. असा रुग्ण विशिष्ट मानसिक औषधांना फार वाईट प्रतिसाद देतो, म्हणून "भास होतात" एवढे सांगून औषध आणणे धोक्याचे असते. चालक चेतापेशींच्या आजारात श्वासाचे स्नायू दुबळे होतात. त्याची पहिली चाहूल पुष्कळदा झोपेतच लागते. रात्री वारंवार जाग येणे, सपाट झोपता न येणे, सकाळी उठताच डोके दुखणे ही ती लक्षणे होत. अशा रुग्णाला रात्री मुखवट्यातून श्वास देणारे यंत्र लावल्यास त्याचे दिवस सुसह्य होतात.

आपल्याकडील स्थिती

हे आजार परदेशातील किंवा शहरातील आहेत, असे कोणी समजू नये. २०२३ साली प्रसिद्ध झालेल्या देशव्यापी पाहणीनुसार भारतातील ६० वर्षांवरील व्यक्तींत स्मृतिभ्रंशाचे प्रमाण ७.४ टक्के असून अशा रुग्णांची संख्या सुमारे ८८ लाख आहे. हे प्रमाण पुरुषांपेक्षा स्त्रियांत आणि शहरांपेक्षा खेड्यांत अधिक आढळले. कंपवाताविषयी आपल्या राज्यात जुना अभ्यास झालेला आहे. मुंबईच्या पारशी समाजातील पाहणीत दर लाख लोकसंख्येमागे सुमारे ३२८ रुग्ण आढळल्याचे १९८८ साली प्रसिद्ध झाले. त्या समाजात वृद्धांची संख्या मोठी होती, हे त्यामागील एक कारण होते. आता आपल्या खेड्यांतही माणसे पूर्वीपेक्षा अधिक जगू लागली आहेत. आयुष्य वाढले, ही आनंदाची गोष्ट आहे. परंतु वाढलेल्या आयुष्याबरोबर येणाऱ्या आजारांची ओळख आपल्याला अजून झालेली नाही.

रुग्णांच्या कुटुंबांनी एकत्र येऊन एकमेकांना आधार द्यावा, ही पद्धत महाराष्ट्रात रुजू लागली आहे. पुण्याचे पार्किन्सन्स मित्रमंडळ आणि मुंबईची कंपवाताच्या रुग्णांसाठी काम करणारी संस्था, तसेच १९९२ साली केरळात सुरू झालेली आणि पुढे अनेक शहरांत पोहोचलेली अल्झायमरविषयक संस्था ही तिची उदाहरणे होत. असे एखादे मंडळ भंडारा जिल्ह्यातही उभे राहावे, अशी आमची इच्छा आहे. त्यासाठी इमारत लागत नाही. महिन्यातून एकदा चार कुटुंबांनी एकत्र बसणे एवढ्यानेही प्रारंभ होतो.

घरी काय करावे?

आता व्यवहाराच्या गोष्टी. प्रथम दिवस नीट करावा, म्हणजे रात्र सुधारते. सकाळी रुग्णाला किमान अर्धा तास अंगणात किंवा सपरीत उजेडात बसवावे. घराच्या आतील उजेड अंगणातील उजेडापेक्षा कितीतरी पटींनी मंद असतो, आणि शरीराच्या घड्याळाला बाहेरचा उजेड हवा असतो. झेपेल तेवढे चालणे, शेंगा फोडणे, तांदूळ निवडणे अशी हाताला कामे द्यावीत. दुपारची डुलकी अर्ध्या तासाची असावी, आणि तीन वाजण्यापूर्वीची. चहा दुपारनंतर बंद करावा. दिवेलागणीपूर्वीच घरात भरपूर उजेड करावा, म्हणजे सावल्या राहत नाहीत. रोज त्याच वेळी जेवण, त्याच वेळी अंथरूण.

रात्रीच्या सुरक्षिततेकडे विशेष लक्ष द्यावे. आपल्याकडील पुष्कळ घरांत शौचालय सांदवाडीत असते. अंधारात उंबरठा ओलांडून तेथपर्यंत जाताना वृद्ध माणूस पडतो आणि मांडीचे हाड मोडते. वाटेवर मंद दिवा रात्रभर ठेवावा, किंवा खाटेजवळच भांडे ठेवावे. संध्याकाळनंतर पाणी कमी द्यावे, पण दिवसभरात पुरेसे द्यावे. हातपाय झाडणाऱ्या रुग्णाची बाज भिंतीला लावू नये. गादी जमिनीवरच अंथरणे उत्तम. जवळ काचेची वस्तू, विळा, काठी, कंदील काही नसावे. जोडीदाराने काही काळ वेगळे निजावे. त्यात अनादर नाही. रुग्ण स्वप्नात असताना त्याला धरून हलवू नये. थोड्या अंतरावरून नावाने हाक मारावी. कंपवाताच्या रुग्णाला जड रजई देऊ नये. गुळगुळीत कापडाची चादर कूस बदलण्यास मदत करते.

औषधांविषयी सावधगिरी अत्यावश्यक आहे. औषधाच्या दुकानातून झोपेची गोळी आणून देणे हा आपल्याकडील सर्वात सोपा आणि सर्वात घातक उपाय आहे. अशा गोळ्यांनी स्मृतिभ्रंशाच्या रुग्णाचा गोंधळ वाढतो आणि पडण्याचा धोकाही वाढतो. सर्दी-खोकल्याच्या काही गोळ्यांनी गुंगी येते म्हणून त्याही दिल्या जातात. त्या स्मृतीला आणखी मारक ठरतात. दारूने झोप येते, हा तर निव्वळ भ्रम आहे. ती पहिली झोप आणते आणि नंतरची मोडते. स्वप्ननिद्रेतील विकारावर मेलॅटोनिन किंवा क्लोनाझेपाम ही औषधे दिली जातात, परंतु ती कोणाला आणि किती द्यावीत हे तज्ज्ञांनीच ठरवावे. क्लोनाझेपाम श्वास अडकण्याचा त्रास असलेल्याला अपायकारक होऊ शकते. लघवीची गोळी सकाळी घेता येईल काय, स्मृतिभ्रंशाच्या डोनेपेझिलमुळे भयावह स्वप्ने पडत असतील तर ते सकाळी घेता येईल काय, कंपवाताच्या औषधाची शेवटची मात्रा रात्री पुरते काय, हे प्रश्न डॉक्टरांना अवश्य विचारावेत. कंपवाताचे औषध स्वतःच्या मनाने एकाएकी कधीही बंद करू नये. काही औषधांनी दिवसा अकस्मात झोप येते. असा रुग्ण वाहन चालवीत असेल, तर त्याला थांबवावे.

डॉक्टरांकडे जाताना दोन आठवड्यांची नोंद न्यावी. केव्हा झोपले, किती वेळा उठले, काय बोलले, घोरताना श्वास थांबतो का, हे एका वहीत लिहावे. शक्य असल्यास रात्रीचा प्रकार मोबाइलवर टिपावा. त्या चित्रफितीमुळे निदानाला मोठी मदत होते. वृद्धांसाठी १४५६७ आणि मानसिक आरोग्यासाठी १४४१६ या शासनाच्या निःशुल्क दूरध्वनी सेवा आहेत. त्यांचाही उपयोग करावा.

जागणाऱ्याची झोप

शेवटची गोष्ट आम्हाला सर्वात महत्त्वाची वाटते. अशा घरात रुग्णाबरोबर आणखी एक माणूस जागत असतो, आणि ती बहुधा घरातील सून किंवा मुलगी असते. दिवसभर रोवणीत वाकून आलेली ही स्त्री रात्री चार वेळा उठते, आणि सकाळी तिने चिडू नये अशी सर्वांची अपेक्षा असते. झोप न मिळालेल्या माणसाचा तोल जातो, हातही उगारला जातो, आणि मग त्याचेच मन त्याला खाते. म्हणून रात्रींच्या पाळ्या लावाव्यात. कारखाना एका माणसाला रोज रात्रपाळी देत नाही, मग घराने का द्यावी? भावांनी, जावयांनी, नातवांनीही वाटा उचलावा. ती सेवा पुरुषांना कमीपणा आणणारी नाही.

आमच्या विद्यार्थ्यांना आम्ही एवढेच सांगू इच्छितो : सुटीत घरी गेल्यावर सकाळी आजी-आजोबांना हाताला धरून अंगणात उन्हात न्या. त्यांनी एकच प्रश्न दहादा विचारला, तर दहादा उत्तर द्या. त्यांना "घरी जायचं आहे" असे वाटले, तर वाद घालू नका. "चला, आधी थोडं पाणी पिऊ," असे म्हणा. आणि शेजारी कोणी बाधेची भाषा बोलू लागला, तर तुम्ही या लेखात वाचलेले त्याला नम्रपणे, पण ठामपणे सांगा.

त्या आबाजींचे पुढे काय झाले, हे वाचकांना जाणून घ्यावेसे वाटेल. कंपवात बरा झाला नाही. परंतु औषधाने रात्रीची झाडाझाड पुष्कळ कमी झाली, गादी जमिनीवर आली, काठी दाराबाहेर गेली आणि ताईत सुटला. पुढच्या सुटीनंतर तो मुलगा परतला, तेव्हा त्याने सांगितले की आजी पुन्हा त्याच खोलीत, थोड्या अंतरावर निजू लागली आहे. रानडुकरे अधूनमधून अजूनही येतात. पण आता घरातले कोणीतरी आबाजींना हळूच नावाने हाक मारते, आणि ती परत जातात.